जुनी पिकअप, सहा दिवस आणि टाकीचा हिशेब

निघण्याआधीची संध्याकाळ

पिकअप जुनी झाली आणि ॲव्हरेज पडलं की सगळे आधी इंजिनाकडे बोट दाखवतात. मग नोझल उतरतात, कार्बोरेटर उघडतो, इंजिनाचा डिझेल पंप कॅलिब्रेशनला जातो. इंधन बऱ्याचदा वाया जातं ते चाकांपाशी, हौद्यावरच्या फडफडत्या ताडपत्रीपाशी आणि ॲक्सिलरेटरवरच्या पायापाशी. म्हणून हा फेरा असा आखलेला आहे की इंजिनाचा नंबर चौथ्या दिवशी लागावा. पहिल्या आणि सहाव्या दिवशी एकच रस्ता, एकच पंप, एकच वेळ. मधल्या चार दिवसांत चाकं, वारा, घाट आणि शहर.

हिशेबासाठी गाडी धरली आहे ती मागच्या चाकांवर चालणारी, चालकासकट साधारण १८०० किलोची. पेट्रोल आणि डिझेल वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

सामान थोडंच: हवेचा भरवशाचा गेज, जॅक आणि दोन स्टँड, फीलर गेज, प्लगचा पाना, ब्रेकचं सिलिकोन ग्रीस, वही. फोनवर जीपीएस हवाच, कारण जुन्या गाडीच्या मीटरवर विश्वास ठेवून निघालं की सगळाच हिशेब चुकतो. कंपनीने २१५/७५ आर १५ टायर दिले होते आणि कुणीतरी २३५/७५ आर १५ चढवले, असं सर्रास असतं. पहिल्याचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७३३. म्हणजे मीटर ४ टक्क्यांहून थोडं जास्तच कमी दाखवतं. मीटरवर ४८० किलोमीटर आणि टाकीत ४२ लिटर, तर ११.४ निघतात. खरं अंतर मात्र ५०० असतं आणि ॲव्हरेज ११.९. काहीच बिघडलेलं नसताना गाडी उघडली जाते ती अशी.

दिवस पहिला: सपाट रस्ता, काही न बदलता

पहाटे निघायचं, वारा पडलेला असतो. टाकी फुल करायची, पण पंपाच्या बंदुकीने पहिल्यांदा ऑटो कट मारला की तिथेच थांबायचं. वर ‘गोल आकडा’ करायला ओतलेलं इंधन नळीत किती आणि टाकीत किती, हे संध्याकाळी कळत नाही. त्याच पंपावर, त्याच बंदुकीने, गाडी त्याच तोंडाने उभी करून परत भरायचं. जागा जराशी तिरकी असली तरी टाकीत अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. १०० किलोमीटरच्या चाचणीत हा अर्धा लिटर पाच-सहा टक्के खोटं बोलतो, ३०० किलोमीटरला दोन टक्क्यांच्या आत येतो. म्हणून १५० किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने १५० परत. चढ-उतार वजा होतात, वारा बराचसा होतो. पूर्ण होत नाही, ते तिसऱ्या दिवशी.

वेग जीपीएसवर ८० धरायचा. आज हवा भरायची नाही, ताडपत्री काढायची नाही, प्लगला हात लावायचा नाही. हात शिवशिवतात, पण पहिला आकडा आहे तसाच हवा.

आज फक्त बघायचं. गरम झाल्यावर तापमानाचा काटा कुठे स्थिरावतो? पंख्याचा घोंगाव सुरुवातीच्या मिनिटभरानंतर थांबतो का? व्हिस्कस क्लच (गरज नसताना पंखा सैल सोडणारा भाग) जाम झाला की पंखा सतत इंजिनाबरोबर फिरतो, इंजिनाची ताकद खातो आणि विमानासारखा आवाज करतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर ८० ला पाय स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल जेमतेम टेकवायचं, दिवा लागण्यापुरतं. आरपीएम दोन-तीनशेने वर उडाले तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉक होत होता. काहीच हललं नाही तर तो लॉकच होत नाही आणि हायवेवर दिवसभर तेल घुसळत बसला आहे. ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना.

दिवस दुसरा: चाकं

आज अंतर कमी, थांबे जास्त. सहा दिवसांतला सर्वात फायद्याचा दिवस हाच.

सुरुवात हवेपासून. टायर गार असताना, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना. चालवून गरम झालेल्या टायरमध्ये चार-सहा पौंड जास्त दिसतात आणि लोक ते सोडून देतात. गार झाल्यावर टायर तेवढाच कमी पडतो. आकडा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीचा घ्यायचा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरण्याचा नसतो. पिकअपच्या पट्टीवर मागच्या चाकांसाठी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे दोन आकडे असतात आणि त्यांत बरंच अंतर असतं. चारही टायरमध्ये सरासरी १ पौंड कमी असेल तर ॲव्हरेजवर साधारण ०.२ टक्के परिणाम होतो. ऐकायला क्षुल्लक, पण जुन्या पिकअपमध्ये १० पौंड कमी सापडणं नवल नाही.

मग ब्रेक. गाडी वीसेक किलोमीटर चालवायची, शेवटचा किलोमीटरभर ब्रेकला हात न लावता, गिअर उतरवत आणि वेग मरू देत थांबायचं. उतरून चारही हबजवळ हात न्यायचा. आधी हाताची मागची बाजू, थोडं लांबून. चारही सारखे कोमट असले तर ठीक. एक चटका देत असेल तर ते चाक ब्रेक लावूनच चाललं आहे. हँडब्रेक सोडून चाक जॅकवर उचललं की हाताने फिरवताना अडखळतं.

कारण शोधायचं असं. अडकलेल्या चाकाचा ब्लीडर निपल (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करायचा. दाब सुटून चाक झटकन मोकळं झालं तर दाब मागे परत जात नव्हता: रबरी होज आतून फुगून बंद झालेला आहे, किंवा पेडलमागचा मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. दोन्हीतलं कुठलं हे बघायला चाक परत जाम करून मास्टर सिलिंडरपाशीच पाइपचा नट सैल करायचा. आता सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा किंवा पेडलला फ्री प्ले नसल्याचा, नाही सुटलं तर होजचा. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं तर पिस्टन गंजला आहे किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिन सुकल्या आहेत. पिनना साधं चेसिस ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा अडकते. निपल किंवा नट उघडला की नंतर हवा काढणं आणि तेलाची पातळी बघणं आलंच.

मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते. नवीन लायनर बसवल्यावर ॲडजस्टर जास्त घट्ट करून दिलेला असणं हेही नेहमीचं. पुढचं टेपर बेअरिंग प्रमाणाबाहेर कसलं असेल तरी हब तापतो, पण चाक फिरवताना तेव्हा खरखर लागते, ब्रेकचा घसारा नाही. फोर बाय फोर गाडीत पुढचे हब ‘फ्री’वर आहेत का तेही याच वेळी बघायचं.

अलाइनमेंटसाठी यंत्राआधी तळहात. टायरच्या नक्षीवर आडवा हात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडलेला आहे, चाक किंचित तिरकं घासत चाललं आहे. टो लावण्याआधी टाय रॉडचे एंड सैल नाहीत ना ते बघायचं. सैल सांध्यावर लावलेला टो पहिल्या खड्ड्यात निघून जातो.

संध्याकाळी परीक्षा. मोकळा सपाट रस्ता, इंजिन चालू, ६० वेगाला न्यूट्रल आणि वेग २० वर येईपर्यंत गाडी किती मीटर घरंगळते ते मोजायचं. उलट दिशेनेही तेच, दोन्हींची सरासरी. हीच चाचणी सकाळी दुरुस्तीआधीही केलेली असली की आजच्या कामाचं फळ इंधन न मोजता समोर दिसतं.

दिवस तिसरा: वारा

दुपारचा उघडा पठारी रस्ता आणि समोरून वारा. पिकअपचा आकार हवेला कापत नाही, ढकलतो. ठोकळेबाज केबिन, मागे उघडा हौदा. अशा गाडीचं साधारण गणित मांडलं तर ६० वेगाला हवेचा अडथळा २१५ न्यूटनच्या आसपास, चाकांचा घर्षण-अडथळाही जवळपास तेवढाच. ८० ला हवा ३८५ वर जाते, १०० ला ६०० वर. चाकांचा मात्र २१५ च राहतो. म्हणजे ८० वरून १०० वर गेलं की गाडी ढकलायला किलोमीटरमागे सुमारे ३६ टक्के जास्त जोर लागतो. जास्त भारावर इंजिन थोडं कार्यक्षम चालतं, त्यामुळे इंधन ३६ टक्के वाढत नाही, पण पंचवीसेक टक्के वाढतं. बदल्यात १०० किलोमीटरमागे पंधरा मिनिटं मिळतात. चार-पाच गिअरच्या जुन्या डब्यात वरचा गिअर तोकडा असतो, तिथे तर इंजिन नुसतंच ओरडतं.

पहिल्या दिवशी राहिलेली गोष्ट: २० चा वारा समोरून आला तर ८० वर चालणारी गाडी हवेच्या दृष्टीने १०० वर असते, २१५ न्यूटन वाढतात. तोच वारा मागून आला तर ६० वर असते, पण वाचतात १७०. जाऊन-येऊन वारा कधीच फिटत नाही. वाऱ्याच्या दिवशीचा आकडा वहीत लिहायचा तर शेजारी ‘वारा’ असं लिहूनच.

हौद्याच्या मागच्या फाळक्याबद्दल जुना वाद आहे. पाडला की हवा सरळ निघून जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात फाळका वर असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका पाडला की भोवरा मोडतो. फायदा होत नाही, बहुतेकदा तोटाच. हौद्यावर ताणून बसवलेलं सपाट आवरण थोडा फायदा देतं. सैल ताडपत्री मात्र काहीच नसण्यापेक्षा वाईट: ती फुगते, फडफडते आणि गाडीला मागे खेचते. दोरी दर अर्ध्या मीटरवर बांधायची किंवा गुंडाळून हौद्यात टाकायची. केबिनवरचा रिकामा कॅरियर, शिडीचा सांगाडा, जादा दिव्यांची पट्टी, जमिनीपर्यंत लोंबणारे मडफ्लॅप: लागत नसेल ते उतरवायचं. पुढच्या बंपरखाली मूळचा प्लास्टिकचा पट्टा असतो, तुटला की कुणी परत लावत नाही. तो शोभेचा नव्हता.

दिवस चौथा: घाट

चढावर इंधन जाणार हे धरूनच चालायचं. १८०० किलो ८०० मीटर वर न्यायला १४ मेगाज्यूल लागतात. डिझेलच्या लिटरमध्ये ३६ मेगाज्यूल असतात, त्यांतले तीसेक टक्के चाकांपर्यंत पोचले असं धरलं तर चढण्याचे म्हणून सव्वा ते दीड लिटर. पेट्रोलला पावणेदोनच्या आसपास. याच्या खाली कुणी येत नाही, पण वर मात्र वाटेल तेवढं जाता येतं.

गिअर असा की पाय दोन-तृतीयांश ते पाऊण दाबलेला आहे आणि इंजिन कण्हत नाही, थरथरत नाही. कार्बोरेटरच्या इंजिनात पाय पूर्ण दाबला की जादा पेट्रोलची वाट उघडते. ती उघडू द्यायची नाही. मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला) व्हॅक्यूम गेज जोडला असेल तर तो कुठल्याही नव्या उपकरणाहून चांगला शिक्षक. सपाटीला काटा १० इंचांच्या खाली जाऊ नये, चढावर गेला तर वेग थोडा सोडायचा. डिझेलला शिक्षक म्हणजे आरसा: मागे काळा धूर दिसायला लागला की तिथून पुढे दाबलेलं इंधन बाहेरच जातं आहे.

धुराचा रंग नीट बघायला घाटासारखी जागा नाही. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी: तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोच्या पाइपला चीर, उघडा अडकलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), ओघळणारं नोझल. निळा म्हणजे ऑइल जळतं आहे. गरम इंजिनातून पांढरा धूर आणि डिझेलचा वास म्हणजे न जळलेलं डिझेल, टायमिंग मागे गेलेलं किंवा कॉम्प्रेशन कमी. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल तर कुलंट सिलिंडरमध्ये जातं आहे, आणि मग ॲव्हरेजची चर्चा थांबवून हेड गॅस्केटकडे बघायचं.

उतारावर न्यूट्रल नको. इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात आणि डिझेलमध्ये गिअरमध्ये असताना पाय काढला की आरपीएम आयडलच्या जवळ येईपर्यंत इंधन बंदच असतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडल चालू ठेवायला इंधन लागतं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच. जुन्या कार्बोरेटरमध्ये गिअरच्या उतारावरही आयडलच्या वाटेने पेट्रोल जात राहतं. तरी घाटात न्यूट्रल नाहीच, ब्रेक फेल होण्यापुढे चमचाभर पेट्रोल काय.

उतरताना काट्याकडे लक्ष. गरम झालेलं इंजिन लांब उतारावर बरंच थंड पडलं, काटा खाली घसरला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला आहे. जुन्या गाडीतली ही सर्वात दुर्लक्षित चोरी. गाडी कुठे बंद पडत नाही, उलट ‘कधी तापत नाही’ म्हणून मालक खूश असतो. ६० अंशांवर चालणारं इंजिन पेट्रोल नीट वाफवत नाही, ऑइल घट्ट राहतं, आणि इंजेक्शनचा संगणक गाडी अजून गारच आहे असं समजून जास्त इंधन सोडत राहतो. खात्रीसाठी: गार इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा होज धरायचा. तो काही मिनिटं गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बदलायचा. कुणीतरी तो काढूनच टाकलेला असणं, हेही पुष्कळ गाड्यांत सापडतं. नवीन बसवण्याआधी गरम पाण्यात दोऱ्याला टांगून बघायचा: ८२ छापलेला असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश घेतो.

मुक्कामी इंजिन थंड झाल्यावर बॉनेट. पेट्रोल असेल तर प्लग काढून क्रमाने मांडायचे. फिकट तपकिरी चांगला, कोरडी काजळी म्हणजे मिश्रण श्रीमंत (पेट्रोल जास्त), पांढरा फोडाळलेला म्हणजे गरीब (पेट्रोल कमी) किंवा जास्त तापलेला. चारांपैकी एकच काळा असेल तर कार्बोरेटर सोडून त्या सिलिंडरची वायर, टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघायचं. चारही काळे असतील तर चोक पूर्ण उघडतो का, फ्लोटची पातळी, एअर फिल्टर. इंजेक्शनला ऑक्सिजन सेन्सर आणि कुलंटच्या तापमानाचा सेन्सर. इंजेक्शनच्या गाडीत मळका फिल्टर ताकद खातो, ॲव्हरेज फारसं खात नाही, कारण संगणक मिश्रण सावरून घेतो. कार्बोरेटरला सावरणारं कुणी नसतं.

डिस्ट्रिब्यूटर असेल तर व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (हलक्या पायाला ठिणगी लवकर पाडणाऱ्या डबीचा) पाइप काढून तोंडाने ओढायचा आणि जीभ लावून धरायची. ओढ टिकली नाही तर आतला पडदा फाटला आहे. मग टायमिंग आयडलला अगदी बरोबर दिसतं, पण हलक्या पायाने चालताना ठिणगी उशिरा पडते, आणि गाडी तर बहुतेक वेळ हलक्या पायानेच चालते. टायमिंग लाइट लावणाऱ्या चांगल्या हातांनाही हा दोष दिसत नाही, कारण लाइट लावताना हा पाइप काढूनच ठेवतात.

डिझेलला फिल्टरच्या तळातलं पाणी सोडायचं, मग प्रत्येक नोझलच्या रिटर्नला पारदर्शक नळी आणि बाटली लावून पाच मिनिटं आयडल. एक बाटली बाकीच्यांहून बरीच जास्त भरली तर ते नोझल झिजलं आहे. उघडण्याचा दाब आणि फवारा टेस्ट बेंचवरच कळतो. पंपाच्या सीलबंद स्क्रूला रस्त्यावर हात लावू नये. तो फिरवून ‘पिकअप’, म्हणजे वेग घेण्याचा जोर, वाढतो आणि काळा धूरही.

दिवस पाचवा: शहर

इथे सांगण्यासारखं थोडं आहे. वजन इथे नडतं, वाऱ्याची गोष्ट इथे नाही. हौद्यात वर्षानुवर्षं पडलेली साखळी, दोन स्टेपनी, ओल्या वाळूची पोती, सगळं प्रत्येक सिग्नलला नव्याने पळवावं लागतं. वेगात आणलेली गाडी ब्रेकने थांबवली की ते इंधन ड्रममध्ये उष्णता होऊन जातं, म्हणून लाल दिवा लांबूनच बघून पाय काढायचा. उभं राहून आयडल चालू ठेवलं तर असलं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पिऊन जातं. गार इंजिनाच्या दोन-दोन किलोमीटरच्या चार फेऱ्यांपेक्षा सगळी कामं जोडून एक फेरी बरी. एसी शहरात जाणवतो, कमी वेगाला खिडक्या उघड्या ठेवलेल्या परवडतात.

दिवस सहावा: पुन्हा तोच सपाट रस्ता

तोच पंप, तीच बंदूक, पहाटेची तीच वेळ, ८० वेग, १५० जाऊन १५० परत. मीटर नाही, जीपीएसचं अंतर.

फरक लिहायचा तो लिटरमागे किलोमीटरमध्ये नाही, १०० किलोमीटरला किती लिटर यात. ८ चं ९ झालं तर १०० किलोमीटरला १.४ लिटर वाचतात. १४ चं १५ झालं तर अर्धासुद्धा नाही. दोन्हीकडे ‘एकने वाढलं’ असंच म्हणतात लोक.

आकड्याशेजारी हवेचं तापमान लिहायचं. १० अंशांची गार हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ५ टक्के घट्ट असते, तेवढाच अडथळा वाढतो. इंधनही तेच हवं: १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ३ टक्के कमी असते. वही न लिहिणाऱ्याला हे दोन आकडे गाडीचे गुण किंवा दोष वाटतात. इंधनाच्या पाइपवर बांधायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, एअर फिल्टरमागे बसवायची पाती, यांची कीर्ती बहुतेक अशाच फरकांवर उभी असते. पाती तर हवेच्या वाटेतला उघड अडथळा.

आता एकूण फरक कळला, पण कशामुळे किती हे नाही. ब्रेकचं काम परत बिघडवून बघायचं नसतं. ताडपत्री मात्र परत बांधून बघता येते, वेग ८० चा ७० करून बघता येतो. वहीत पुढच्या दोन फेऱ्यांच्या ओळी आधीच आखून ठेवायच्या: ‘३०० किमी, ८०, ताडपत्रीसह’ आणि ‘३०० किमी, ७०, ताडपत्रीविना’. लिटरचा रकाना रिकामा.